चालायला जायचं, तेही गाडीनं

टाळेबंदी लागली त्या दिवशी सकाळी साहेब आणि बाई तळ्यावर फिरून आले होते. पुढे बरेच दिवस इकडे येता येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. बाईंना नंतर कितीदा तरी वाटलं, की त्या दिवशी पाण्याकडे जरा जास्त वेळ बघून घ्यायला हवं होतं. पण त्या दिवशी मोजा बुटात गोळा होऊन टोचत होता आणि त्यांचं सगळं लक्ष त्या मोज्यात होतं.

साहेब म्हणजे वाहन परवाना कार्यालयातले निवृत्त परीक्षक. एकतीस वर्षं ते शिकाऊ चालकांच्या शेजारी, मांडीवर कागद अडकवलेली पाटी घेऊन बसले आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना त्यांनी हात हलवत घरी पाठवलं. वळताना आरशात पाहिलं नाही, नापास. रिकाम्या चौकात इंडिकेटर दिला नाही, नापास. "रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं हो, साहेब," असं कुणी म्हणालं की ते म्हणत, "कुत्रं येताना तुम्हाला कळवून येणार होतं का?" सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी चार वेळा नापास केलं. तो अजून सायकलच चालवतो. लोक पाठीमागे त्यांना 'नापाससाहेब' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

बाईंनाही त्यांनी नापास केलं होतं, दोनदा. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि फिरत्या वाचनालयाची गाडी चालवण्याची नोकरी त्यांना हवी होती. पहिल्या खेपेला त्या आरशात बघायला विसरल्या. दुसऱ्या खेपेला चढावर थांबवलेली गाडी उचलताना ती वीतभर मागे आली.

"वीतभरच तर आली," बाई म्हणाल्या.

"मागे कोणी उभं असतं तर तेवढी पुरली असती," साहेब म्हणाले.

तिसऱ्या खेपेला त्या पास झाल्या आणि आठवड्याभरात वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज घेऊन कार्यालयात हजर झाल्या. "इथे सही करा. नियमांखेरीज दुसरंही काहीतरी वाचत जा माणसानं." साहेबांनी सही केली. वर्षभरानं लग्नाच्या नोंदवहीतही केली. बाईंनी पुढे सव्वीस वर्षं पुस्तकांनी भरलेली ती अवजड गाडी कुठे कुठे नेली, आणि एक ओरखडा येऊ दिला नाही. घाटाच्या कोणत्या वळणावर सूर्य डोळ्यांत येतो, कोणत्या वस्तीत कोण दारात वाट बघत उभं असतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

मग कंपवात आला. आधी उजवा हात, मग डावा. एके दिवशी त्यांनी आपणहून गाडीची किल्ली साहेबांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आता मीच मला नापास केलं." त्यावर दोघं हसले. नंतर बाई न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून बसल्या.

या दुखण्यात पाय विचित्र वागतात. सरळ, मोकळ्या रस्त्यावर चालतात. दार आलं, वळण आलं, की जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात नाही. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "रोज सपाट, लांब, सरळ रस्त्यावर चाला. औषधाइतकंच ते महत्त्वाचं. एकदा गेलेलं चालणं परत येत नाही."

आता साहेबांचं घर होतं टेकडीच्या उतारावर. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की रस्ता एकतर खाली धावे किंवा वर चढे. उतारावर बाईंचं अंग पुढे जाई आणि पाय मागे राहत. सपाट रस्ता म्हणजे तळ्याचा काठ. घरापासून तीन किलोमीटर दोनशे मीटर. साहेबांनी गाडीच्या आकड्यावर मोजलेलं. रोज सकाळी साडेसहाला ते गाडी काढत. तळ्याच्या काठानं जुन्या पंपघरापर्यंत दीड किलोमीटरचा रस्ता होता, एकही वळण नसलेला. तिथे बाई चालत. थरथरत्या हातांनी, पण ताठ मानेनं. साहेब अर्ध्या पावलानं मागे, डोळे बाईंच्या पावलांवर.

टाळेबंदीचा नियम शेवटच्या वर्तमानपत्रात छापून आला. त्यानंतर वर्तमानपत्रही यायचं बंद झालं. साहेबांनी ते पान कापून घेतलं आणि लाल पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली. 'प्रत्येक व्यक्तीस दिवसातून एकदा, व्यायामासाठी, घराजवळ बाहेर पडण्यास मुभा राहील.'

"मुभा आहे ना? मग झालं तर," बाई म्हणाल्या. बूट घालून त्या तयारच बसल्या होत्या.

"घराजवळ म्हटलंय."

"तळं काय परदेशात आहे?"

"गाडीनं जावं लागतं. गाडीबद्दल काही लिहिलेलं नाही यात."

"मनाई लिहिली आहे का?"

"परवानगीही लिहिलेली नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बुटांचे पट्टे सोडले. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात कुठे डोकं आपटायचं आणि कुठे नाही, हे त्यांना कळत होतं.

साहेबांनी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पहिल्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "व्यायामाला परवानगी आहे, सर. जा ना." दुसऱ्या दिवशी खात्री करून घ्यायला पुन्हा लावला, तर एक गृहस्थ खेकसले, "गाडीतून कसला व्यायाम? व्यायाम पायांनी करतात." तिसऱ्या दिवशी जो भेटला तो बिचारा इतका थकलेला होता, की म्हणाला, "आजोबा, लोकांना खाटा मिळत नाहीयेत. तुम्ही फिरण्याचं काय घेऊन बसलात?" साहेबांनी फोन ठेवला आणि कानाला खडा लावला. तोंडी उत्तरांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला: पत्नीचं दुखणं, डॉक्टरांचा सल्ला, अंतर, गाडीचा क्रमांक. आणि लेखी उत्तराची वाट बघू लागले. कार्यालयंच बंद होती. उत्तर यायचं कुठून?

दुसऱ्या शहरातून मुलगी रोज फोन करी. "बाबा, घेऊन जा ना तिला. कोण अडवणार आहे?"

"तुझ्या शहरातला नियम वेगळा आहे, बाळ."

"पण आईचा आजार तोच आहे ना?"

 साहेब फोन बाईंकडे देत.

समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर दवाखाना बंद असल्यानं रिकामे होते आणि रोज सकाळी खुशाल गाडी काढून तळ्यावर पळायला जात. परत येताना घामाघूम होऊन फाटकापाशी थांबत. "अहो साहेब, चला ना! कोणी विचारत नाही. आणि आता तर परवानगीही आली म्हणे."

"म्हणे?" साहेब म्हणाले. "कोण म्हणे? कुठे म्हणे? म्हणे-वर गाडी चालत नाही, डॉक्टर. पेट्रोल लागतं आणि कायदा लागतो."

डॉक्टर हसत निघून गेले. बाई खिडकीशी होत्या. त्यांनी ते ऐकलं. डॉक्टरांच्या बुटांच्या तळाला लागलेली ओली, काळी माती त्या बघत राहिल्या. तळ्याकाठचीच ती. डॉक्टर आत गेल्यावरही फाटकासमोर तिचे दोन-तीन ठसे उरले होते. ऊन चढल्यावर ते वाळून पांढरे झाले, तेव्हा बाई खिडकीतून उठल्या.

साहेब काही दगडाच्या काळजाचे नव्हते. त्यांनी घरातच सोय केली. बोळात पांढऱ्या चिकटपट्ट्यांच्या आडव्या रेघा मारल्या. पायापुढे रेघ दिसली की ती ओलांडायला पाऊल उचलतं, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. रस्त्यावरचे पट्टे मारावेत तशा त्या रेघा त्यांनी मोजपट्टी लावून मारल्या. पण बोळ नऊ पावलांचा. नऊ पावलं झाली की भिंत. भिंत आली की वळण. वळण आलं की बाईंचे पाय खिळत. साहेब मागून म्हणत, "एक... दोन... चल, एक." बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. कधी अर्धा मिनिट, कधी तीन मिनिटं.

"शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं," एकदा त्या भिंतीलाच म्हणाल्या.

तरी त्या रोज साडेसहाला बूट घालून दारापाशी खुर्चीवर बसत.  साहेबांना ते बघवत नसे, आणि ते नियमाचं कात्रण पुन्हा वाचायला घेत, जणू रात्रीत त्यात एखादी ओळ उगवली असेल. बाई चहा पिता पिता म्हणत, "आत्ता पाण्यावर धुकं असेल." किंवा, "त्या काळ्या बदकांना पिल्लं झाली असतील एव्हाना." साहेब 'हं' म्हणत. महिना उलटला. बाईंची पावलं आखूड होत गेली. पूर्वी एका रेघेवरून पुढच्या रेघेवर पाय पडे, आता मध्येच एक पाऊल जास्तीचं पडू लागलं. साहेबांच्या परीक्षकी नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी गुपचूप पट्ट्या उचकटल्या आणि जवळ जवळ चिकटवल्या. बाईंना कळलं. त्यांनी कळल्याचं दाखवलं नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी साहेब दाढी करून बाहेर आले, तर दारापाशी खुर्ची रिकामी. दार उघडं.  चेहऱ्यावर साबण तसाच, ते बाहेर धावले. रस्त्यावर कोणी नव्हतं. घराच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये गाडीचं आवरण अर्धं ओढलेलं दिसलं. आत, चालकाच्या जागेवर, बाई बसल्या होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"अगं, तू... तीन पायऱ्या कशा उतरलीस?"

"बसून. एकेका पायरीवर बसत आले. लहान मुलं उतरतात तशी." त्यांच्या लुगड्याच्या मागच्या बाजूला धूळ लागली होती. "या ना. बसा तिकडे. परीक्षा आहे माझी."

साहेब वळसा घालून शेजारच्या जागेवर बसले. किल्ली आत घरात, खुंटीवर होती. गाडी जागची हलणार नव्हती.

"पट्टा लावला," बाई म्हणाल्या. "आरसा बघितला. मागे कोणी नाही. निघाले." त्यांचे हात थरथरत होते आणि त्यांच्याबरोबर स्टिअरिंगचं जुनं कातडं बारीक करकरत होतं. "उतार आहे, दुसऱ्या गिअरमध्येच ठेवते. बेकरी बंद आहे. पेट्रोल पंप. चौकात थांबले, उजवीकडचे आधी जाऊ देत. इंडिकेटर दिला बरं का. पूल आला. पुलावरून पाणी दिसतं आधी, मग झाडांआड जातं, मग एकदम सगळं समोर येतं. लावली गाडी. उतरले." त्या थांबल्या. "आता चालायला लागले. पहिल्यांदा... पहिल्यांदा बाक लागतो ना? की ते वाकलेलं झाड?"

साहेबांनी समोरची काच हातानं पुसली.

"अहो, आधी बाक की झाड? मला आठवत नाही. सव्वीस वर्षं मी रस्ते डोक्यात ठेवले, आणि हा एवढासा रस्ता मला आठवत नाही. सांगा ना. तुम्ही तर रोज होतात माझ्याबरोबर."

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "मी तुझे पाय बघत होतो."

बाईंनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीत घेतले. त्या बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर साहेबांना सोपं गेलं असतं.

"तुम्हाला न्यायचं नाही असं नाही, मला माहीत आहे. तुम्हाला कोणीतरी 'पास' म्हणायला हवंय. पण ते कोणी म्हणायच्या आत माझे पाय संपतील हो. मग परवानगी फ्रेम करून लावा भिंतीला."

साहेब उठले. घरात गेले. तोंडावरचा वाळलेला साबण पुसला, किल्ली घेतली. बाईंना हाताला धरून पलीकडच्या जागेवर बसवायला त्यांना दहा मिनिटं लागली. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, चूक की बरोबर हे ठाऊक नसताना, गाडी सुरू केली.

पुलाच्या अलीकडे अडथळे लावलेले होते. तोंडावर पट्टी बांधलेल्या एका हवालदारानं हात केला. साहेबांच्या तळहातांना घाम सुटला. एकतीस वर्षं समोरच्यांना घाम सुटताना त्यांनी पाहिला होता. आपला कधी नाही.

"कुठे निघालात, आजोबा?"

"तळ्यावर. हिला चालवायला. व्यायाम. मला माहीत आहे, गाडीबद्दल नियमात स्पष्ट लिहिलेलं नाही, मी अर्ज केला आहे, उत्तर आलेलं नाही. दंड करायचा तर करा, पण परत जाताना करा. आधी हिला चालू द्या."

हवालदार वाकून बाईंकडे बघत म्हणाला, "घर कुठे?"

"टेकडीवर. तीन किलोमीटर दोनशे मीटर."

"मग जा की. पाच किलोमीटरपर्यंत गाडीनं जायला मोकळीक आहे."

"कधीपासून?"

"झाले की दिवस." त्यानं खिशातून फोन काढला, बोटानं वर सरकवत राहिला, आणि काचेपाशी धरला. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. आदेश स्वच्छ होता, सहीशिक्क्यासकट. 'व्यायामाच्या ठिकाणी वाहनाने जाण्यास हरकत नाही.' वर तारीख. टाळेबंदीच्या नवव्या दिवसाची.

साहेबांनी ती तारीख दोनदा वाचली. चौतीस दिवस.

"निघा, आजोबा. मागे गाडी आली."

मागे दातांचे डॉक्टर होते. त्यांनी आनंदानं हॉर्न वाजवला.

तळं होतं तिथेच होतं. धुकं उठून गेलं होतं आणि पाण्यावर नुसतं ऊन पसरलेलं. बाई गाडीतून उतरल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी इतका खोल श्वास घेतला, की साहेबांना वाटलं त्या खोकतील. मग त्या चालू लागल्या. एक, दोन, तीन. पाऊल आखूड, टाच उचलली न उचलली. साहेब अर्ध्या पावलानं मागे. चाळीस पावलं झाली आणि पाय थांबले. तिथे दार नव्हतं, वळण नव्हतं, भिंत नव्हती. समोर सरळ, मोकळा रस्ता होता, आणि पाय थांबले.

"एक... दोन..." साहेब म्हणाले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "बसते."

पहिल्यांदा बाकच लागत होता. वाकलेलं झाड त्याच्या पुढे होतं, शंभरेक पावलांवर. बाई त्याच्याकडे बघत बसल्या. साहेब शेजारी बसले, आणि खिशातून काढलेला रुमाल त्यांनी परत आत ठेवला. कार्यालयात रडणारी माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांना ते रुमाल देत आणि 'पुढच्या महिन्यात या' म्हणत.

"मी चुकलो," शेवटी ते म्हणाले.

साहेबांना वाटलं, ती म्हणेल 'जाऊ द्या'. आजवर म्हणत आली होती.

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलात." आणि पाण्याकडेच बघत, "उद्या सहालाच निघू. धुकं बघायचंय."

त्यानंतर एक सकाळ चुकली नाही. निर्बंध कडक झाले, सैल झाले, पुन्हा कडक झाले. साहेब रोज स्वतः फोन करून विचारत, उत्तर काहीही येवो, सहाला गाडी काढत. बोळातल्या पट्ट्या त्यांनी काढून टाकल्या. त्यांचा डिंक मात्र फरशीवर चिकटून राहिला आणि तिथे धूळ बसून काळ्या रेघा झाल्या. महिन्याभरानं बाई झाडापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेही नसे थोडके. पण पंपघरापर्यंतचं चालणं गेलं ते गेलंच. बाई झाडाखालच्या कठड्यावर बसत आणि तिथून पुढे रस्ता जाताना बघत. लांबवर, जिथे तो बारीक होत झाडीत शिरे, तिथे त्यांचे डोळे बराच वेळ असत.

"तुम्ही जाऊन या ना," एके दिवशी त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"पुढे. शेवटपर्यंत. मी बसते इथे. मला सांगा काय काय आहे ते."

"तुला एकटीला टाकून?"

"मी कुठे पळून जातेय?"

साहेब निघाले. बाईंच्या पावलांशिवाय रस्त्यावर कुठे बघायचं हे त्यांना कळेना. हात पाठीमागे बांधून ते तपासणीला निघाल्यासारखे चालत राहिले. अर्ध्या-पाऊण तासानं परत आले ते घामेजलेले आणि काहीसे गडबडलेले.

"सांगा."

"पंपघराचं दार बंद आहे. कुलूप नवीन दिसतंय. कठडा दोन ठिकाणी फुटलाय, दुरुस्त करायला हवा."

"अहो, मला अहवाल नकोय."

साहेबांनी विचार केला. "बदकं आहेत. पिल्लं मोठी झालीत, आता ओळखू येत नाहीत कोण आई ते. आणि... एक माणूस नाव उलटी घालून रंगवत बसलाय. मी थांबलो तर म्हणाला, सोडायची आहे पाण्यात, सगळं उघडलं की."

बाईंचा चेहरा उजळला. "नाव? आपण जायचो तेव्हा नव्हती."

"नव्हती."

"कोणता रंग देतोय?"

 साहेबांनी माणूस पाहिला होता, कुंचला पाहिला होता, नावेच्या तळाला पडलेली भेग पाहिली होती. रंग पाहिला नव्हता.

"थांब," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठले.

"अहो, राहू द्या! दीड किलोमीटर आहे. उद्या बघा."

पण ते निघाले होते. बाई कठड्यावर सरसावून बसल्या आणि त्यांची पाठ लहान लहान होत जाताना बघत राहिल्या.